बिल पक्कं, पैसे बँकेतून दिले. तरी कराचा परतावा का अडतो?

तुम्ही माल घेतला. विकणारा नोंदणीकृत व्यापारी होता. पक्कं बिल घेतलं, बिलात लावलेला कर दिला, पैसेही बँकेतून दिले. तीन-चार वर्षांनी कर विभागाची नोटीस येते: या खरेदीवर घेतलेली कराची वजावट नामंजूर, परतावा मिळणार नाही, उलट आधी दिलेली रक्कम व्याजासह परत भरा. कारण काय, तर तुम्हाला माल विकणाऱ्याने तो कर सरकारजमा केलाच नाही. किंवा तो आता म्हणतोय, मी यांना माल विकलाच नव्हता.

व्हॅटच्या काळात हजारो व्यापाऱ्यांनी हा अनुभव घेतला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी व्हॅट लागू झाला आणि १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवर त्याची जागा जीएसटीने घेतली. पण व्हॅटच्या वर्षांतले वाद अजून न्यायालयांत निघत आहेत, आणि त्यातले निकाल आज जीएसटीच्या नोटिशींमध्ये जसेच्या तसे उद्धृत होत आहेत. शिवाय पेट्रोल, डिझेल आणि मद्य अजूनही राज्यांच्या कराखालीच आहेत. त्यामुळे "व्हॅट गेला, आता काय त्याचं" असं म्हणून सुटका नाही.

या सगळ्या वादांत शेवटी प्रश्न एकच उरतो. कोणता कागद पुरेसा?

परतावा मुळात तयार कसा होतो?

उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याने १० लाख रुपयांचा माल घेतला आणि त्यावर ५ टक्के, म्हणजे ५० हजार रुपये व्हॅट दिला. तोच माल त्याने राज्यात विकला असता तर विक्रीवर गोळा केलेल्या करातून हे ५० हजार वजा करून उरलेली रक्कम भरली असती. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. महाराष्ट्राच्या कायद्यात शब्द आहे 'सेट-ऑफ', आणि बाजारात सरळ 'वजावट'. पण त्याने माल परदेशी पाठवला तर? निर्यातीवर कर नाही. वजा करायला काही नाही. मग ते ५० हजार सरकारकडून परत मागायचे. हा परतावा.

आता सरकारच्या बाजूने पाहा. खरेदीच्या वेळी दिलेले ५० हजार विक्रेत्याने तिजोरीत भरले असतील तर सरकार मिळालेले पैसे परत करतंय. भरलेच नसतील, तर सरकार स्वतःच्या खिशातून पैसे देतंय. आणि माल प्रत्यक्षात हललाच नसेल, फक्त बिल हललं असेल, तर तो सरळ तिजोरीवर दरोडा. महाराष्ट्रात अशा बिलं विकणाऱ्यांना 'हवाला डीलर' हे नाव पडलं होतं. विक्रीकर विभागाने अशा संशयित व्यापाऱ्यांची यादीच आपल्या संकेतस्थळावर टाकली होती.

अडचण अशी की खोटं बिल आणि खरं बिल दिसायला सारखंच असतं. दोन्हीवर नोंदणी क्रमांक असतो, दोन्हीचे पैसे चेकने जाऊ शकतात. खोट्या व्यवहारात ते मागच्या दाराने रोखीत परत येतात, एवढाच फरक. म्हणून वाद कागदांवर येतो.

कॉफीच्या बियांचं प्रकरण काय होतं?

या विषयावर आज सर्वांत जास्त उद्धृत होणारा निकाल कर्नाटकातला आहे. इकॉम गिल कॉफी ट्रेडिंग ही कंपनी वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून कॉफीच्या हिरव्या बिया विकत घेऊन निर्यात करायची, देशातही विकायची. २०१०-११ या वर्षासाठी तिने २७ विक्रेत्यांकडून केलेल्या खरेदीवर क्रेडिट मागितलं. अधिकाऱ्याने या २७ जणांची चौकशी केली. सहा जणांची नोंदणी आधीच रद्द झालेली निघाली. तिघांनी माल विकला होता, पण कर भरला नव्हता. आणखी सहा जणांनी तर अशी विक्री केल्याचंच नाकारलं.

अधिकाऱ्याने क्रेडिट नाकारलं. पहिल्या अपिलातही कंपनी हरली. न्यायाधिकरणाने मात्र तिच्या बाजूने कौल दिला: खरेदीची बिलं आहेत, पैसे चेकने दिले आहेत, विक्रेत्याने कर भरला नाही याची शिक्षा खरेदीदाराला का? कर्नाटक उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०२३ रोजी हे सगळं उलटवलं. न्या. एम. आर. शाह आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने कर्नाटक व्हॅट कायद्याच्या कलम ७० वर बोट ठेवलं. हे कलम सांगतं की क्रेडिटचा दावा बरोबर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्या व्यापाऱ्याची. खोटं असल्याचं विभागाने दाखवायचं, असं नाही. खरं आहे हे तुम्ही दाखवायचं.

आणि नुसतं बिल व चेक दाखवल्याने ही जबाबदारी पार पडत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

मग न्यायालयाने मागितलं काय?

निकालात यादीच आहे. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता, माल पोहोचवणाऱ्या वाहनाचा तपशील, वाहतूक भाडं दिल्याचा पुरावा, माल मिळाल्याची पोच, कर बिल आणि पैसे दिल्याचा तपशील. शेवटी 'इत्यादी' आहे, म्हणजे ही यादी बंद नाही.

यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. बिल आणि पैसे हे दोन कागद सोडले तर बाकी बहुतेक सगळं मालाच्या हालचालीबद्दल आहे. बिल सांगतं की सौदा झाला. चेक सांगतो की पैसे गेले. पण माल खरंच एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला का, हे यातला कोणताच कागद सांगत नाही. ते सांगते बिल्टी, ते सांगते वजनकाट्याची पावती, टोलची पावती, गोदामाचं आवक रजिस्टर, हमालीची नोंद, गाडीवाल्याला दिलेल्या भाड्याची खात्यातली एंट्री. आम्ही इंजिनीअरिंगला असताना प्रॅक्टिकलमध्ये उत्तर बरोबर आलं तरी सर जर्नल उघडून रीडिंग बघायचे; रीडिंग नसतील तर उत्तराला शून्य किंमत. हे तसंच आहे.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण घरात एक उदाहरण होतं. सांगलीजवळ माझ्या मामांचं पाइप आणि सॅनिटरी फिटिंगचं दुकान आहे. व्हॅटच्या काळात त्यांना जुन्या एका वर्षाच्या खरेदीबद्दल नोटीस आली. एका घाऊक विक्रेत्याने कर भरला नव्हता. मामा निर्धास्त होते. सगळी बिलं वर्षवार फायलीत लावलेली, बँकेचं स्टेटमेंट तयार. सुनावणीत अधिकाऱ्याने विचारलं, "माल दुकानात आला कसा?" मामा म्हणाले, "ट्रकने." "कोणत्या?" बिल्ट्या आणि काट्याच्या पावत्या दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जात होत्या. कुणाला वाटलं होतं त्या लागतील? शेवटी ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामातल्या जुन्या बुकिंगच्या वह्या शोधून काही गाड्यांचे नंबर मिळाले. तेवढ्या खरेदीची वजावट अपिलात सुटली, उरलेली रक्कम भरावी लागली. मामांचा माल खरा होता. पण खरा असणं आणि खरा असल्याचं दाखवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि दुसरीचेच पैसे भरावे लागले.

छोट्या व्यापाऱ्याच्या बाजूने एक तक्रार इथे रास्त आहे. अनेक ठिकाणी माल 'पोहोच' भावाने येतो, म्हणजे भाडं विक्रेताच देतो. मग खरेदीदाराकडे भाड्याची पावती असणार कुठून? अशा वेळी बिलावरच पोहोच भावाचा उल्लेख, गाडीचा नंबर आणि चलनावर माल उतरवून घेतल्याची तारखेसह सही, हे उपयोगी पडतं. भाडं तुम्ही दिलंच नसेल तर तसं लेखी दाखवणं हाही पुरावाच आहे. तोंडी स्पष्टीकरण मात्र फाइलला लागत नाही.

महाराष्ट्रात नियम आणखी कडक होता का?

एका बाबतीत, हो. महाराष्ट्र मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम ४८(५) नुसार एखाद्या मालाच्या खरेदीवरचा सेट-ऑफ किंवा परतावा हा त्याच मालावर सरकारी तिजोरीत 'प्रत्यक्ष भरलेल्या' करापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे तुमची खरेदी खरी आहे हे सिद्ध झालं, तरी विक्रेत्याने कर भरला नसेल तर तुमचा परतावा तिथेच थांबतो.

या कलमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग, प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते ओळखलं जातं. व्यापाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही विक्रेत्याला कर दिला, तो त्याने भरला की नाही यावर आमचं नियंत्रण नाही, मग 'प्रत्यक्ष भरलेला' याचा अर्थ 'भरायला हवा होता तेवढा' असा घ्या. ११ मे २०१२ च्या निकालात न्यायालयाने हे मान्य केलं नाही. सेट-ऑफ ही कायद्याने दिलेली सवलत आहे, मूलभूत हक्क नाही. सवलत देणारा तिला अट लावू शकतो, असा त्यामागचा विचार. मात्र राज्याने न्यायालयात सांगितलेली एक गोष्ट महत्त्वाची होती. कर बुडवणाऱ्या विक्रेत्यांकडून वसुली केली जाईल आणि ती अंतिम झाल्यावर, वसूल झालेल्या मर्यादेपर्यंत खरेदीदाराला परतावा दिला जाईल. कागदावर हे दिलासादायक आहे. पण बिलं विकून दुकान बंद केलेल्या माणसाकडून वसुली किती होणार, हे कुणी सांगायला नको.

आणि सगळे वाद कर बुडव्यांमुळेच होत होते असंही नाही. जुन्या व्यापाऱ्यांना 'जे-वन, जे-टू' हे शब्द अजून आठवत असतील. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांना फॉर्म ७०४ मध्ये सीएकडून ऑडिट अहवाल द्यावा लागे. त्यातल्या जे-वन परिशिष्टात ग्राहकवार विक्री, तर जे-टूमध्ये विक्रेतावार खरेदी. विभागाचा संगणक एकाचं जे-टू दुसऱ्याच्या जे-वनशी ताडून पाहायचा. जुळलं नाही की 'मिसमॅच'. आता महाराष्ट्राचा टिन म्हणजे २७ ने सुरू होऊन शेवटी 'व्ही' असलेला लांबलचक क्रमांक. त्यात एक आकडा चुकला, विक्रेत्याने बिल पुढच्या महिन्यात दाखवलं, माल परत केल्याची नोंद एकानेच केली, तरी मिसमॅच. अशा वेळी कर भरलेला असायचा, चूक टायपिंगची असायची, आणि परतावा मात्र थांबलेला. उपाय होता, पण तो विक्रेत्याच्या हातात: त्याचा खातेउतारा, विवरणपत्राची प्रत, कर भरल्याचं चलन आणि 'ही विक्री मी केली' असं सही-शिक्क्याचं पत्र. संबंध चांगले असतील तर दोन दिवसांत, नसतील तर दोन वर्षांतही नाही.

मग प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षणच नाही?

आहे, आणि ते दिल्लीतून आलं. दिल्ली व्हॅट कायद्यातही २०१० पासून कलम ९(२)(ग) होतं. त्याचा आशय महाराष्ट्राच्या तरतुदीसारखाच: विक्रेत्याने कर भरला नाही तर खरेदीदाराला क्रेडिट नाही. ऑन क्वेस्ट मर्चंडायझिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१७ रोजी या कलमाचा अर्थ मर्यादित केला. नोंदणीकृत विक्रेत्याकडून, कर बिलावर, सद्भावनेने खरेदी केली असेल तर विभागाने कर बुडवणाऱ्या विक्रेत्याच्या मागे जावं. खरेदीदाराची त्याच्याशी हातमिळवणी असेल तरच खरेदीदाराला धरावं. याविरुद्धची विशेष अनुमती याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये फेटाळली.

पुढे ९ ऑक्टोबर २०२५ रोजी शांती किरण इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार उचलून धरला. तिथे विक्रेते व्यवहाराच्या दिवशी नोंदणीकृत होते, त्यांची नोंदणी नंतर रद्द झाली. व्यवहार किंवा बिलांच्या खरेपणाबद्दल वाद नव्हता. त्यामुळे बिलांची पडताळणी करून क्रेडिट देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम राहिला.

आता कुणी विचारेल, २०२३ मध्ये एक आणि २०२५ मध्ये दुसरं, मग खरं काय? माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही निकाल एकमेकांवर आदळत नाहीत, ते वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहेत. पहिली पायरी: व्यवहार खरा होता का? इथे कर्नाटकचा निकाल लागू होतो आणि ओझं तुमच्या खांद्यावर आहे. ती पायरी चढलात तर दुसरी: व्यवहार खरा होता, पण विक्रेत्याने कर बुडवला, तर भुर्दंड कुणाला? इथे दिल्लीचा निकाल तुमच्या कामी येऊ शकतो. पहिल्या पायरीवरच अडखळलात, तर दुसरीचा फायदा मागायला जागाच राहत नाही. म्हणून व्यवहाराच्या तारखेला विक्रेत्याची नोंदणी चालू होती हे दाखवणारं पानही जपून ठेवा. आज पोर्टलवर 'रद्द' दिसतंय याला फारसा अर्थ नाही. त्या दिवशी काय दिसत होतं याला आहे.

एक खबरदारी. दिल्लीचा निकाल दिल्लीच्या कलमाबद्दल आहे. महाराष्ट्रात ४८(५) आहे आणि ते उच्च न्यायालयाने वैध ठरवलेलं आहे. मित्राने फॉरवर्ड केलेला निकाल आपल्या राज्याच्या कायद्याला लागतो का, हे आपल्या कर सल्लागाराला विचारूनच पुढे जा.

झेरॉक्स चालते का?

आंतरराज्य विक्रीत 'सी' फॉर्म दिला तर सवलतीचा दर मिळायचा. हा फॉर्म खरेदीदार देतो आणि त्याच्या प्रती ठरलेल्या असतात. 'मूळ' लिहिलेली प्रत विभागाला, 'दुय्यम' विक्रेत्याकडे. बंगळूरच्या इंडिया एजन्सीज या व्यापाऱ्याने मूळऐवजी दुय्यम प्रत आणि सोबत बंधपत्र दिलं. सर्वोच्च न्यायालयाने सवलत नाकारली. नियमाने मूळ प्रत मागितली आहे, तर मूळच हवी. हा निकाल वीस वर्षांपूर्वीचा आहे, पण त्याचं तत्त्व आजही ऐकवलं जातं: कायद्याने ठरावीक कागद मागितला असेल तिथे 'त्याच्यासारखाच' कागद चालत नाही.

विभागावर काहीच बंधन नाही?

आहे. दिल्लीतल्याच एफईएमसी प्रतिभा जॉइंट व्हेंचर या कंत्राटदाराने २०१५-१६ ची चौथी तिमाही आणि २०१७-१८ ची पहिली तिमाही यांचा परतावा मागितला होता. रक्कम सुमारे १७ कोटी १० लाख आणि ५ कोटी ४४ लाख रुपये. तो वेळेत मिळाला नाही. मुदत उलटून गेल्यावर विभागाने नवीन मागणी नोटिसा काढल्या आणि २०२२ मध्ये परतावा त्या मागणीतच वळता करून टाकला. विभागाचा युक्तिवाद होता की कायद्यातली मुदत फक्त व्याज मोजण्यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तो फेटाळला. मुदत ही पाळण्यासाठीच असते; परतावा देय झाला त्या वेळी जी थकबाकी नव्हती, ती नंतर निर्माण करून त्यात परतावा जिरवता येत नाही.

पण याच कायद्यात एक बारीक गोष्ट आहे. विभागाने जादा माहिती मागितली, तर ती देण्यात व्यापाऱ्याने घेतलेला वेळ मुदतीत धरला जात नाही. म्हणजे तुम्ही कागद द्यायला सहा महिने लावले तर घड्याळ सहा महिने बंद. मागितलेली माहिती ज्या दिवशी दिली त्या दिवसाची पोच म्हणूनच लाखमोलाची. व्याजाचा हिशेब तिथून सुरू होतो.

जीएसटीत हे सुटलं का?

अर्धं सुटलं, अर्धं अधिक घट्ट झालं. जीएसटी कायद्याच्या कलम १५५ मध्ये क्रेडिटचा हक्क सिद्ध करण्याचं ओझं पुन्हा दावा करणाऱ्यावरच आहे. कलम १६ नुसार बिल हातात हवं, माल मिळालेला हवा, कर सरकारजमा झालेला हवा, आणि १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलंही हवं. ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं. जे-वन, जे-टूचाच हा नवा अवतार, फरक इतकाच की आता तो वर्षाअखेरीस नाही तर दर महिन्याला समोर येतो. त्यामुळे चूक लवकर कळते, विक्रेत्याच्या मागे लागायला वेळ मिळतो. ही सुधारणा खरी आहे.

सुरुवातीच्या वर्षांत २बी नव्हतं आणि गोंधळही खूप झाला. त्यासाठी केंद्राने २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकात मार्ग दिला. २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांत क्रेडिट आणि २ए यांत फरक असेल, तर एका विक्रेत्यामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या फरकासाठी विक्रेत्याचं स्वतःचं प्रमाणपत्र पुरेसं. त्याहून जास्त असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं, यूडीआयएन क्रमांकासह. जुलै २०२३ मध्ये ही सोय काही बदलांसह २०२१ अखेरपर्यंतच्या काळालाही लागू झाली. तुमची जुनी नोटीस याच वर्षांची असेल तर हे परिपत्रक आधी वाचा.

मालाच्या हालचालीचा पुरावा आता ई-वे बिलात आपोआप तयार होतो, पण ते ५० हजारांवरच्या मालाला लागतं. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा एक लाख आहे. छोट्या-छोट्या खेपांनी माल घेणाऱ्याकडे ई-वे बिल नसेल, आणि नेमका तोच बिल्टीही ठेवत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मलिक ट्रेडर्स प्रकरणात जीएसटीच्या क्रेडिटलाही कॉफीच्या निकालाचंच माप लावलं आणि मालाच्या प्रत्यक्ष हालचालीचा पुरावा मागितला.

अर्जात त्रुटी निघाली तर?

जीएसटीचा परतावा आरएफडी-०१ फॉर्ममध्ये, साधारणपणे दोन वर्षांच्या आत मागायचा. १५ दिवसांत एकतर पोच येते किंवा त्रुटिपत्र, म्हणजे आरएफडी-०३. त्रुटिपत्र आलं की तो अर्ज संपला. दुरुस्त करून नवा करायचा. पहिला अर्ज केल्यापासून त्रुटिपत्र मिळेपर्यंतचा काळ दोन वर्षांतून वगळला जातो, पण त्यानंतर तुम्ही घालवलेला वेळ नाही. सीएच्या टेबलावर त्रुटिपत्र पडून राहिलं आणि मुदत गेली, हे होऊ शकतं. तारीख स्वतःच्या मोबाइलवर लावून ठेवा.

परतावा नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याला आधी आरएफडी-०८ मध्ये कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. म्हणणं मांडायची संधी न देता अर्ज फेटाळता येत नाही. या १५ दिवसांत "आमचा व्यवहार खरा आहे" असं दोन पानी पत्र पाठवणारे बरेच असतात. त्याऐवजी एक तक्ता पाठवा: बिल क्रमांक, तारीख, गाडी क्रमांक, बिल्टी किंवा ई-वे बिल, आवक नोंदीचं पान, पैसे दिल्याचा यूटीआर क्रमांक, २बी चा महिना. एका ओळीत एक खरेदी. जिथे रकाना रिकामा आहे तिथे कारण लिहा. अपिलात गेलात तरी पुढचा अधिकारी हीच फाइल उघडणार आहे, आणि तिथे नवा कागद द्यायचा तर आधी का दिला नाही याचं उत्तर मागितलं जातं.

अर्ज पूर्ण असेल तर आदेश ६० दिवसांत यायला हवा. उशीर झाला तर वर्षाला ६ टक्के व्याज.

किती वर्षं जपायचं?

जीएसटीत त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. २०२३-२४ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची बिल्टी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती निकाली निघाल्यावर आणखी एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, यांत जे नंतर असेल ते.

वजनकाट्याच्या आणि टोलच्या पावत्या बहुधा थर्मल कागदावर असतात. त्या सहा वर्षं काय, एक उन्हाळाही धड टिकत नाहीत. गाडी दारात असतानाच फोटो काढून बिल क्रमांकाच्या नावाने सेव्ह करा. मामांच्या दुकानात आता हे काम गल्ल्यावर बसणारा मामेभाऊ करतो. दिवाळीला रद्दीवाला आला की आधी त्याला विचारलं जातं.